फोन कुठे आहे ते यंत्राला कळतं, माणूस कुठे आहे ते कळतं का?



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला आपत्ती हा विषय चालू होता. मी विचारलं, "जोराचा पाऊस येणार आहे हे आपल्याला कसं कळतं?" एक मुलगा लगेच उठला. "बाई, बाबांच्या फोनवर मेसेज येतो."

"बरं. मग बाबा काय करतात?"

"बाबा मुंबईला असतात."

वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कोण? पोलादपूरच्या वाड्यांमधल्या कितीतरी मुलांचे बाबा मुंबईलाच असतात. घरी आई, आजी आणि भावंडं. शाळेच्या नोंदीत नंबर बाबांचा, बँकेत नंबर बाबांचा, सगळे मेसेज बाबांना. डोंगर मात्र घराच्या मागे.

त्या मुलाच्या एका वाक्यात एक मोठा प्रश्न आहे. संगणकशास्त्रात त्यावर तीस वर्षांहून जास्त काळ संशोधन चालू आहे. यंत्राने माणसाची परिस्थिती ओळखून वागावं, यासाठी ते कसं घडवायचं? या विषयाला आपण 'संदर्भ ओळखणारी यंत्रणा' म्हणू. हा विषय आपल्या मुलांच्या जिवाशी जोडलेला आहे, म्हणून आज तो सोप्या भाषेत समजून घेऊया.

संदर्भ म्हणजे काय?

वर्गातलंच उदाहरण घेते. एखादं मूल म्हणतं, "बाई, पाणी." मार्च महिन्यात दुपारी म्हणालं तर त्याला तहान लागली आहे. जुलैमध्ये वर पत्र्याकडे बघत म्हणालं तर छत गळतंय. खिडकीतून ओढ्याकडे बघत म्हणालं तर मुलांना घरी सोडायचं की थांबवायचं, हे ठरवायची वेळ आली आहे. शब्द एकच, पण आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी करतो. कोण बोललं, कुठे, केव्हा, कशाकडे बघत, हे सगळं आपण न सांगता जमेला धरतो. यालाच संदर्भ म्हणायचं.

यंत्राला फक्त 'पाणी' एवढंच ऐकू येतं. बाकीचं त्याला कुणीतरी पुरवावं लागतं.

ही कल्पना आली कुठून?

1991 साली मार्क वायझर नावाच्या अमेरिकी संशोधकाने एकविसाव्या शतकातल्या संगणकावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की खरं चांगलं तंत्रज्ञान रोजच्या जगण्यात इतकं मिसळून जातं की ते वेगळं जाणवतच नाही. आपण वीज वापरतो तेव्हा विजेचा विचार करतो का? तसंच संगणकाचं व्हावं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिवेट्टी प्रयोगशाळेत रॉय वाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बिल्ला तयार केला. कर्मचाऱ्याने तो छातीला लावायचा. बिल्ला दर काही सेकंदांनी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड संकेत सोडायचा आणि खोल्यांमध्ये बसवलेली उपकरणं तो टिपायची. त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे ते कळे, आणि त्या व्यक्तीचा फोन तिथल्या जवळच्या फोनकडे वळवता येई. आपल्या भाषेत सांगायचं तर, शिपाईमामा "गुरुजी आता दुसरीच्या वर्गात आहेत, तिकडेच निरोप देतो" म्हणतात, ते काम बिल्ल्याने सुरू केलं.

1994 मध्ये बिल शिलिट, नॉर्मन अ‍ॅडम्स आणि रॉय वाँट यांनी या प्रकारच्या यंत्रणांवर निबंध लिहिला. तुम्ही कुठे आहात, तुमच्यासोबत कोण आहे, आणि जवळपास कोणती साधनं आहेत, या तीन गोष्टी त्यांनी महत्त्वाच्या मानल्या. पुढे 2001 मध्ये अनिंद डे यांनी संदर्भाची व्याख्या आणखी रुंद केली. एखाद्या माणसाची, जागेची किंवा वस्तूची परिस्थिती सांगणारी कोणतीही उपयोगी माहिती म्हणजे संदर्भ.

आज आपण हे रोज वापरतो. फोन कानाला लावला की पडदा बंद होतो. उन्हात गेलो की उजेड वाढतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं. बालभारतीच्या पुस्तकात पाठाजवळ छापलेला क्यूआर कोडही याचाच साधा भाऊ आहे. तो स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपला कळतं की मूल कोणत्या पाठावर आहे. मात्र मुलाला तो पाठ किती समजला, हे त्याला कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

यंत्र परिस्थिती ओळखतं कसं?

तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, जाणणं. फोनमध्ये जागा सांगणारं जीपीएस, उजेड मोजणारं, हालचाल ओळखणारं असे वेगवेगळे सेन्सर असतात. घड्याळ आणि मोबाईल टॉवरही माहिती देतात.

दुसरी पायरी, अंदाज बांधणं. फोन ताशी 40 किलोमीटर वेगाने सरकतोय, म्हणजे माणूस गाडीत असावा. इथे 'असावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो गाडी चालवतोय की एसटीत मागच्या सीटवर झोपलाय, हे वेगावरून कळत नाही.

तिसरी पायरी, वागणं. मेसेज दाखवायचा, आवाज करायचा, की गप्प बसायचं?

चूक कुठल्याही पायरीवर होऊ शकते. पण पहिल्या पायरीवर झालेली चूक पुढे वाढत जाते. मुलाने उदाहरण उतरवून घेतानाच आकडा चुकवला तर पुढची बेरीज कितीही नीट केली तरी उत्तर चुकणारच, तसं.

फटीतून बघणारं यंत्र

ल्यूसी सूचमन या अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी माणसं झेरॉक्स मशीन कसं वापरतात याचं चित्रीकरण केलं. दोन-दोन माणसं नव्या मशीनसमोर उभी राहायची. आपापसात बोलायची, चुकीच्या ठिकाणी बघायची, गोंधळायची. मशीनला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला फक्त दाबलेली बटणं आणि उघडलेली झाकणं कळायची. माणसं "आता काय करायचं?" म्हणत उभी असायची आणि मशीन समजायचं की सगळं ठीक चाललंय. यावरचं त्यांचं पुस्तक 1987 मध्ये आलं आणि यंत्रांची रचना करणाऱ्यांना विचार करायला लावून गेलं.

म्हणजे दाराच्या फटीतून वर्ग बघण्यासारखं आहे हे. फटीतून दोन मुलं दिसतात, ती शांत आहेत. म्हणून सगळा वर्ग शांत आहे असं धरून चालायचं का? आपल्या मुलाने बाबांच्या फोनबद्दल सांगितलं ते हेच. यंत्राला फोन दिसतो. फोनच्या मागचं कुटुंब दिसत नाही.

आपल्या मराठीतलं एक चांगलं उदाहरण

चांगली रचना कशी असते ते बघायला फार लांब जायला नको. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड तयार केला. मराठी टाइप करायला आपल्याला अवघड जातं, कारण इंग्रजीत 26 अक्षरं, तर आपल्याकडे व्यंजनं, स्वर, काना-मात्रा-वेलांट्या आणि वर जोडाक्षरं. सगळं छोट्या पडद्यावर कसं मावणार?

स्वरचक्रात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत, म्हणजे पहिलीच्या मुलालाही ओळखीची. 'क' वर बोट ठेवलं की बोटाभोवती चक्र उमटतं, त्यात का, कि, की, कु, कू असे पर्याय दिसतात. हवं तिकडे बोट सरकवायचं. आणि 'क' चा पाय मोडला, म्हणजे 'क्' निवडला, की बाकीच्या बटणांवर क्त, क्य, क्ष अशी जोडाक्षरं दिसू लागतात. मुलाने आत्ता काय केलं, ते बघून कीबोर्ड पुढचे पर्याय समोर ठेवतो. ही बाराखडीच आहे, फक्त हवी तेव्हा आणि हवी तेवढीच समोर येणारी.

यात शिकण्यासारखं काय? रचना करणाऱ्यांनी इंग्रजी कीबोर्ड घेऊन त्यावर मराठी चिकटवली नाही. मराठी लिहिणारा माणूस अक्षर कसं जुळवतो, तिथून सुरुवात केली. माणूस आधी, यंत्र नंतर.

आता आपल्या महाड-पोलादपूरकडे येऊ

आपल्या भागात संदर्भ म्हणजे काय असतो? सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडजवळ गांधारी आणि काळ नद्यांचं पाणीही येतं. म्हणजे महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरेल की नाही हे फक्त महाडच्या पावसावर ठरत नाही. वर महाबळेश्वरला किती पडला, आणि खाली खाडीत भरती आहे की ओहोटी, यावरही ते ठरतं.

22 जुलै 2021 आपण कुणीच विसरलेलो नाही. महाबळेश्वरला एका दिवसात 590 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. रस्ते पाण्याखाली होते. तळियेत बचाव पथकं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच सोसलं होतं.

तेव्हापासून सूचना देण्याची साधनं सुधारली आहेत. 2023 मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम मोठा भोंगा वाजला होता, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, त्यामुळे गर्दी झाली की अडकतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदमच संदेश ऐकवतो, नंबर लागत नाही. दवंडीसारखंच. गावात जो असेल त्याला ऐकू जाईल, पाहुणा असला तरी. आणि तुम्ही कुठे आहात हे फोनला कुणाला कळवावंही लागत नाही.

दुसरं उदाहरण 'दामिनी' अ‍ॅप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते विजेच्या धोक्यासाठी तयार केलं. तुमच्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सांगतं. मे महिन्यात वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये भातकापणीच्या वेळी, शेतात असणाऱ्यांसाठी हे मोलाचं आहे. जिल्ह्याचं नाव न सांगता 'तुमच्या जवळ' असं सांगणं, हाच संदर्भ ओळखण्याचा फायदा.

पण तीन फटी अजून राहतात.

पहिली, टप्पा. हवामान विभागाचा लाल, नारिंगी इशारा साधारणपणे जिल्ह्यासाठी असतो. रायगडमध्ये 15 तालुके आहेत. उरणचा किनारा आणि पोलादपूरचा घाट यांना एकच रंग. पाच वेळा लाल रंग आला आणि आपल्या वाडीत काही झालं नाही, की सहाव्या वेळी आई म्हणते, "हे रोजचंच आहे." चूक आईची नाही. इशारा तिच्या घरापर्यंत पोहोचलाच नाही.

दुसरी, फोन आणि माणूस. एसएमएस मुंबईतल्या बाबांना मिळतो. सेल ब्रॉडकास्ट वाडीतल्या फोनवर वाजतो, पण वाडीत फोनच नसेल, रेंज नसेल किंवा वीज जाऊन बॅटरी संपली असेल तर? आजीकडच्या प्रत्येक जुन्या फोनवर तो वाजेलच असंही नाही.

तिसरी, वाचणं. मोठ्या माणसांना सरकारी मराठीच समजत नाही कधीकधी. "नदीपातळीत वाढ संभवते" यापेक्षा "वरच्या वाडीत जा" हे लवकर कळतं.

वर्गात करून बघा: कागदी यंत्र

हा खेळ मी वर्गात घेतला. एकही मोबाईल लागत नाही.

1. एका मुलाला 'यंत्र' करा. तो बाकामागे चादर लावून बसेल. चादरीला एक फट, तिथूनच चिठ्ठ्या आत-बाहेर.
2. इतर मुलांना भूमिका द्या. नदीकाठची आजी, डोंगराखालच्या घरातलं कुटुंब, मुंबईतले बाबा, एसटीने महाडला निघालेली ताई, बाजारपेठेतला दुकानदार.
3. पहिल्या फेरीत यंत्राला फक्त तालुक्याचं नाव आणि "जोरदार पाऊस" एवढंच सांगा. त्याने सगळ्यांना एकच संदेश लिहायचा.
4. प्रत्येकाने संदेश वाचून आपण काय करू ते सांगायचं.
5. दुसऱ्या फेरीत यंत्राला प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची मुभा द्या. मग नवा संदेश.

आमच्या वर्गात पहिल्या फेरीत यंत्राने लिहिलं, "घराबाहेर पडू नका." ताईला ते पटलं. पण डोंगराखालच्या घरातली मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही घरात राहिलो तर दरड आमच्यावरच येईल." सगळे एकदम गप्प झाले.

दुसऱ्या फेरीत यंत्र झालेल्या मुलाने आधी सगळ्यांना नाव विचारलं. मीच म्हटलं, नाव कळून उपयोग काय? मग दुसरी मुलगी यंत्र झाली. तिने विचारलं, "तुमच्या घराच्या मागे काय आहे?" त्या एका प्रश्नाने तिचे सगळे संदेश बदलले. डोंगराखालच्यांना तिने लिहिलं, "शाळेत या." दुकानदाराला, "माल माळ्यावर ठेवा आणि वर जा." आजीला तिने चिठ्ठी लिहिलीच नाही. म्हणाली, "आजीला वाचता येत नाही. शेजारच्या काकूंना सांगते, त्या आजीला घेऊन येतील."

मोठमोठे संशोधक हेच करतात. योग्य प्रश्न कोणता ते शोधतात, आणि यंत्र जिथे पोहोचत नाही तिथे माणूस कोण पोहोचेल ते ठरवतात.

पालकांसाठी

यातून घरी करता येण्यासारख्या काही गोष्टी सांगते.

शाळेत दोन नंबर द्या. एक बाबांचा, आणि एक असा की जो दिवसभर वाडीतच असतो. आईचा, काकूंचा किंवा शेजाऱ्यांचा.

मुंबईतल्या माणसाला इशारा मिळाला तर त्याने गावात कुणाला फोन करायचा, ते आधीच ठरवा. पाऊस सुरू झाल्यावर ठरवायला वेळ नसतो.

पावसाळ्याआधी मुलांबरोबर घराभोवती एक फेरी मारा. घराच्या मागे काय आहे, ओढा कुठून येतो, उंच आणि पक्की जागा कोणती, हे मुलांना माहीत असू द्या. डोंगराला नव्या भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, ओढ्याचं पाणी अचानक फार गढूळ झालं, तर मेसेजची वाट बघू नका. हे सेन्सर आपल्या डोळ्यांतच आहेत.

फोनमधल्या अ‍ॅपना जागेची परवानगी देताना विचार करा. दामिनीसारख्या सूचना देणाऱ्या अ‍ॅपला ती लागते. पण मुलाच्या खेळाच्या अ‍ॅपला तो कुठे आहे हे कशाला हवं? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. ती संमती आपण न वाचता देऊन टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन ज्यांना गरज नाही त्यांची परवानगी बंद करा.

शेवटी

यंत्रं दिवसेंदिवस आपल्याला जास्त ओळखू लागतील. ते चांगलंच आहे. पण त्यांना काय कळतं आणि काय कळत नाही, हे मुलांना समजलं पाहिजे. नाहीतर मूल एकतर प्रत्येक मेसेजवर डोळे मिटून विश्वास ठेवेल, नाहीतर एकाही मेसेजवर ठेवणार नाही. दोन्ही धोक्याचंच.

त्या मुलाने आता वर्गाच्या वहीत आजीचं आणि शेजारच्या काकूंचं नाव लिहिलं आहे. बाबांच्या नंबरखाली, लाल पेनने. यंदा पावसाळ्याआधी सगळ्याच मुलांकडून असा एक 'वाडीतला नंबर' लिहून घ्यायचं आम्ही शाळेत ठरवलं आहे. तुम्हीही आपापल्या वर्गात घ्या. एका तासाचं काम आहे.